चिवडा जेवला का?

माझे मेहुणे तीन वर्षांपूर्वी भाऊबिजेला आले, ते हातात जाळीचा पिंजरा घेऊनच. भाचीसाठी आणलेल्या त्या भेटीत दोन गिनीपिग होते. एक पांढराशुभ्र आणि गोल. दुसरा काळा, पिवळा आणि तपकिरी अशा सरमिसळ रंगांचा. समोर फराळाचे ताट होतेच. आमच्या कन्येने तिथल्या तिथे बारसे उरकले : पांढरा तो लाडू आणि दुसरा चिवडा.

“दुकानदार म्हणाला, दाणे घाला, पाणी ठेवा, काही कटकट नाही,” मेहुणे म्हणाले. आम्ही ते वेदवाक्य मानले. शब्दांचा कीस काढणे हा माझा पोटापाण्याचा धंदा असल्यामुळे गिनीपिग हा गिनीतला नव्हे आणि डुक्करही नव्हे, दक्षिण अमेरिकेतल्या अँडीज पर्वताच्या मुलखातला, उंदीर-खारींच्या गोतावळ्यातला प्राणी आहे, एवढे मी घरात सर्वांना सांगून टाकले. तो आजारी पडला तर कसा दिसतो, हे मात्र मला ठाऊक नव्हते. त्याची किंमत लाडूने दिली.

पुढल्या पावसाळ्यात एके संध्याकाळी लाडू वाटीपाशी आला, गाजराचा तुकडा तोंडात धरला आणि टाकून दिला. पुन्हा धरला, पुन्हा टाकला. त्याची हनुवटी ओली होती. “बाबा, लाडू जेवत नाही,” कन्या म्हणाली. मी उत्तरपत्रिकांच्या गठ्ठ्यात होतो. “पोट भरलं असेल. उद्या बघू,” म्हणालो. दुसऱ्या दिवशीही मी तेच म्हणालो. तिसऱ्या दिवशी डॉक्टरांकडे नेले, तेव्हा त्याच्या दाढा वाढून जिभेवर आल्या होत्या आणि उपाशी राहून आतड्यांचे काम थांबले होते. त्या रात्री लाडू गेला. “त्याला भूक होती, सर. खाता येत नव्हतं,” डॉक्टर म्हणाले. हे वाक्य मी अजून विसरलेलो नाही.

दुखणे लपवणारा प्राणी

कुत्रा दुखले की कण्हतो, आपल्यापाशी येतो. गिनीपिगाचे तसे नाही. रानात तो दुसऱ्यांचे भक्ष्य. कळपात जो लंगडतो त्याच्यावर शिकाऱ्याची नजर आधी जाते. म्हणून अशक्तपणा लपवणे हे त्याच्या रक्तातच आहे. त्याचे दुखणे आपल्या डोळ्यांना दिसते, तेव्हा बहुधा ते बरेच पुढे गेलेले असते.

त्यातून त्याच्या शरीराच्या दोन अडचणी. त्याचे दात आणि दाढा जन्मभर वाढतात. दिवसभर गवत चावूनच त्या झिजायच्या. आणि त्याचे आतडे सतत चालते राहावे लागते. आजाऱ्याला लंघन घालावे, ही आपल्या घरांतली जुनी समजूत. या प्राण्याच्या बाबतीत ती जीवघेणी आहे. अर्धा दिवस त्याने तोंडात काही घेतले नाही, तर ती धावपळ करण्याची वेळ समजावी.

तिसरी गोष्ट आपल्याला जवळची वाटेल. माणसाप्रमाणेच गिनीपिगालाही क जीवनसत्त्व शरीरात तयार करता येत नाही. 1907 साली नॉर्वेतल्या होल्स्ट आणि फ्रोलिक या दोघा संशोधकांनी गिनीपिगांना नुसत्या धान्यावर ठेवले, तेव्हा त्यांना खलाशांचा तो जुना रोग, स्कर्व्ही, जडला. ताजा भाजीपाला दिल्यावर तो टळला. आमच्या दुकानदाराचा “दाणे घाला” हा सल्ला म्हणजे तोच प्रयोग आम्ही घरी करीत होतो! आता आमच्याकडे वाळलेले गवत अष्टौप्रहर असते. शिवाय रोज ढोबळी मिरचीची फोड, कोथिंबीर आणि धुतलेल्या दूर्वा. गणपतीच्या वाहनाचा भाऊबंद दूर्वांवर खूश असावा, याचे आमच्या आईला फार कौतुक.

सकाळची पाच मिनिटे

मग ओळखायचे कसे? रोज सकाळी पाच मिनिटे पिंजऱ्यापाशी बसावे.

आधी वाटी पाहावी आणि मग लेंड्या. निरोगी लेंड्या लांबट, घट्ट आणि भरपूर असतात. त्या कमी झाल्या, बारीक झाल्या किंवा पातळ झाल्या, तर पोटात बिघाड आहे. हनुवटी ओली, खायला येतो पण टाकतो, तर दाढा. नाक वाहते, शिंका येतात, डोळ्यांत चिपडे, श्वास घेताना कुशी उडतात, तर छाती; आणि हे दुखणे झपाट्याने वाढते. चाल आखडली, सांधे सुजले, उचलताना ओरडतो, तर क जीवनसत्त्वाची शंका घ्यावी. लघवीत रक्त किंवा लघवी करताना चीत्कार, तर खडा असू शकतो. सारखे खाजवणे आणि केस झडणे, तर कातडीत किडे. आणि केस पिंजारून, पाठ फुगवून कोपऱ्यात बसून राहिला, तर रोगाचे नाव शोधत बसू नये. उठावे आणि डॉक्टर गाठावा.

घाबरण्याजोगे नसलेलेही सांगतो. अंग साफ करताना त्याच्या डोळ्यांत दुधासारखे पाणी येते आणि तो मधूनच लाहीसारखा टणकन उडतो. पहिली स्वच्छता, दुसरा आनंद.

सर्वांत मोठा साक्षीदार म्हणजे स्वयंपाकघरातला वजनकाटा. दर रविवारी वजन करून लिहून ठेवावे. डोळा फसतो, काटा फसत नाही.

काय करू नये

गेल्या हिवाळ्यात काट्यानेच आम्हांला सावध केले. चिवड्याचे वजन आठवड्यात साठ ग्रॅमने उतरले होते. खात होता, पण थोडे. नाकाशी किंचित ओल. माझ्या मनात आले, मुलीच्या खोकल्यासाठी आणलेले औषध कपाटात उरले आहे, त्यातले दोन थेंब द्यावेत. आमच्या सौ.नी हात धरला, आणि बरे झाले. पेनिसिलिनच्या जातीची कित्येक औषधे, जी आपल्या मुलांना वाचवतात, ती पोटात गेल्यावर या प्राण्याच्या आतड्यांतले उपयोगी जंतू मारून त्याचाच जीव घेतात. घरातले औषध थेंबभरसुद्धा देऊ नये.

त्याच दुपारी डॉक्टरांकडे गेलो. छातीच्या दुखण्याची सुरुवात होती. त्यांनी त्याला चालेल असे औषध दिले आणि सुईविना पिचकारीने पातळ खाद्य भरवायला शिकवले. ओठांच्या बाजूने, थोडे थोडे, गिळेपर्यंत थांबून. घाई केली तर ठसका लागून फुप्फुसात जाते. चार रात्री आम्ही पाळ्या लावल्या. पाचव्या सकाळी चिवड्याने आपण होऊन कोथिंबिरीची काडी ओढली, तेव्हा आमच्या घरात पुन्हा दिवाळी झाली.

जाता जाता दोन सूचना. या छोट्या प्राण्यांवर सगळेच पशुवैद्य उपचार करतात असे नाही. म्हणून प्राणी धडधाकट असतानाच माहितगार डॉक्टर शोधून ठेवावा. आणि या दिवसांत पिंजरा आतल्या खोलीत, खिडकीपासून दूर, लपायला खोके देऊन ठेवावा. फटाक्यांच्या दणक्याने हा प्राणी खाणे सोडतो, आणि धूर त्याच्या छातीला बाधतो.

वजने लिहायला कन्येने माझे जुने हजेरीपत्रक घेतले आहे. त्यात लाडूचे नाव अजून पहिल्या ओळीत आहे. पुढची घरे रिकामी. “खोडू का?” मी एकदा विचारले. “नको, बाबा,” ती म्हणाली. मीही खोडले नाही. कॉलेजातून घरी आलो की हल्ली चपला काढायच्या आधी मी एकच विचारतो : चिवडा जेवला का?