दहा पानांची डबी

डबी उघडली की आधी वास येतो. समोर गाडीच्या मेणाच्या दोन डब्या उघड्या होत्या. एक साडेतीनशे रुपयांची, पत्र्याची. तिचं झाकण नाण्याने उचकटावं लागलं, आत बूट पॉलिशसारखं घट्ट पिवळसर मेण, आणि वास थेट रॉकेलच्या वळणाचा. दुसरी जाड काचेच्या बरणीत, मखमली पिशवीतून आलेली, नऊ हजारांची. तिला नारळाचा आणि पिकल्या केळ्याचा वास होता. मेण इतकं मऊ की बोट टेकताच वितळून बोटाला लागलं. दोन्हींत माल साधारण २०० ग्रॅम. पुण्यात गाड्यांचं डिटेलिंग करणारा एक तरुण समोर उभा होता. हातातला फोमचा गोळा पुढे करत म्हणाला, “काका, दोन्ही तुमच्या हाताने लावा. मग मला सांगा, साडेआठ हजार कुठे गेले.”

तो प्रश्न पुढचे कित्येक महिने माझ्या डोक्यातून गेला नाही. या लेखात मी साडेआठ हजारांचा माग काढायचा प्रयत्न केला आहे.

दोन्ही डब्यांवर एक शब्द सामाईक होता: कार्नाउबा. हे एका झाडाचं नाव. ब्राझीलच्या ईशान्य कोपऱ्यात, सेआरा, पियाउई आणि रिओ ग्रांदे दो नोर्ते या राज्यांत, नद्यांच्या खोऱ्यांतून हे ताडाच्या कुळातलं झाड वाढतं. शास्त्रीय नाव कोपर्निशिया प्रूनिफेरा. खगोलशास्त्रज्ञ कोपर्निकसचं नाव या वंशाला दिलेलं आहे. आपल्याकडचा ताडगोळ्यांचा ताड डोळ्यांसमोर आणला की कार्नाउबाचा अंदाज येतो: सरळ खोड आणि वर पंख्यासारख्या पानांचा गोल झुबका. हा सगळा मुलूख पाण्याला महाग. वर्षातले कित्येक महिने पाऊस नाही, वारा कोरडा, ऊन कडक. पानातलं पाणी उडून जाऊ नये म्हणून हे झाड पानांवर मेणाचा पातळ थर चढवतं. आपण गाडीच्या बॉनेटवर जे चोळतो ते मुळात दुष्काळाशी झगडायला झाडाने केलेलं औषध आहे.

तोडणी कोरड्या महिन्यांत होते. लांब बांबूच्या टोकाला कोयता बांधलेला असतो. माणूस मान वर करून, डोळ्यांत ऊन घेत, एकेक पान खालून कापतो. झाड मरत नाही, पुढच्या वर्षी पुन्हा पानं धरतं. कापलेली पानं उन्हात पसरून वाळवतात. वाळली की मेण पापुद्र्यासारखं सुटं होतं, मग पानं झोडपून किंवा यंत्रात घालून त्याची भुकटी झाडून घेतात. ती भुकटी वितळवून, गाळून, थंड झाल्यावर फोडली की मेणाचे ठिसूळ तुकडे मिळतात. न उघडलेल्या कोवळ्या पानांचं मेण सर्वांत फिकट आणि महाग, ते पहिल्या प्रतीचं. मोठ्या पानांचं मेण काळपट निघतं आणि स्वस्तात जातं. एका पानामागे हाती येतं जेमतेम पाच-सात ग्रॅम.

आता हिशोब मांडू. पहिल्या प्रतीचं कार्नाउबा आपल्याकडे घाऊक बाजारात किलोला साधारण हजार ते दीड हजार रुपयांत मिळतं. २०० ग्रॅमच्या डबीत ते फार तर ६० ग्रॅम असेल असं धरलं, तरी त्याची किंमत शंभर रुपयांच्या आतबाहेर येते. पानांत मोजलं तर दहाएक पानं. नऊ हजारांच्या बरणीतही दहा पानं आणि साडेतीनशेच्या डबीत कदाचित तीन-चार. मेण कमी-जास्त आहे, प्रतही वेगळी असेल, पण साडेआठ हजारांचा फरक पानांतून निघत नाही.

“पण काका, यावर तर सत्तर टक्के लिहिलंय,” डिटेलिंगवाला म्हणाला. उंची मेणांच्या जाहिरातींत हे आकडे असतात, आणि ते खोटे असतीलच असं नाही. ते कसे मोजले, हे विचारायला हवं. कार्नाउबा हे नैसर्गिक मेणांतलं सर्वांत कठीण. ८२ अंश सेल्सिअसच्या पुढे कुठे वितळू लागतं. नुसतं कार्नाउबा डबीत ओतलं तर ते दगडासारखं बसेल, फडक्याने चोळायचं सोडाच, नखाने ओरखडाही निघणार नाही. ते पसरण्याजोगं व्हावं म्हणून त्यात द्रावक, तेलं, मधमाशीचं मेण, सिलिकोन असं बरंच काही मिसळावं लागतं. वजनाने एक तृतीयांशाच्या वर गेलं की डबी वापरण्याजोगी राहत नाही, असं या धंद्यात मानलं जातं. मग सत्तर टक्के कुठून येतात? घनफळाने मोजलं की येतात. चुरमुरे घेताना आपल्याला हे पक्कं ठाऊक असतं. शेर भरला म्हणून किलो भरत नाही. मेणाच्या पापुद्र्यांच्या ढिगातही हवा असते आणि ती मापात मोजली जाते. ज्या डबीवर टक्केवारी वजनाची की मापाची हे लिहिलेलं नाही, तिच्यावरच्या आकड्याला मी आता किंमत देत नाही.

या मेणापायी माणसं किती लांब गेली आहेत याची एक गोष्ट मला फार आवडते. अमेरिकेत विस्कॉन्सिन राज्यातल्या रसीन गावी १८८६ मध्ये एस. सी. जॉन्सन यांनी लाकडी फरशीचा धंदा सुरू केला. गिऱ्हाईकं विचारू लागली, ही फरशी राखायची कशी, आणि त्यातून मेण आलं. पुढे फरशीपेक्षा मेणच जास्त खपलं. नातू हर्बर्ट जॉन्सन यांना चिंता पडली की कार्नाउबाचा पुरवठा कायम राहील का. १९३५ मध्ये त्यांनी पाण्यावरही उतरू शकणारं सिकोर्स्की एस-३८ जातीचं विमान घेतलं, त्याचं नावच ‘कार्नाउबा’ ठेवलं आणि झाडं बघायला सेआरापर्यंत उडत गेले. १९९८ मध्ये त्यांचा मुलगा सॅम्युअल याने तसंच विमान नव्याने बांधवून वडिलांचा तो प्रवास पुन्हा केला. कच्चा माल कुठून येतो हे बघायला मालक स्वतः गेला, याचं मला अप्रूप वाटतं. आपण तर डबी मागे उलटून घटकही वाचत नाही.

मेण गाडीवर नेमकं करतं काय, हे समजायला मला वडिलांच्या फियाटकडे परत जावं लागलं. प्रीमियर पद्मिनी, गडद हिरवी. रविवारी सकाळी ते जुन्या बनियनचं फडकं घेऊन पॉलिश करायचे आणि फडकं हिरवं व्हायचं. मला वाटायचं, रंग निघून चालला. तसा तो थोडा निघतच होता. त्या काळच्या गाड्यांना रंगाचा एकच थर असे, वर पारदर्शक कवच नसे. ऊन-वाऱ्याने तो रंग कोरडा पडायचा, खडूसारखा व्हायचा. पॉलिश त्या मेलेल्या थराची साय काढायचं आणि त्यातलं तेल खालच्या रंगात मुरायचं. दाराचा हिरवा रंग डोळ्यांसमोर खोल होत जायचा, भिजलेल्या पानासारखा.

आजच्या गाडीला रंगावर क्लिअर कोट असतो, साधारण ४० ते ५० मायक्रॉन जाडीचा. आपला केसही त्याहून जाड असतो. मेणाचा थर तर एका मायक्रॉनच्याही आत. या कवचात तेल मुरत नाही, फडक्याला रंग लागत नाही, आणि लागलाच तर समजावं की कवच गेलं. मेण फक्त वर बसतं, बारीक ओरखड्यांत थोडं भरतं, पाण्याला थारा देत नाही आणि पक्ष्यांच्या विष्ठेचा पहिला घाव स्वतःवर घेतं. एवढ्या पातळ थरातून एक मेण ‘खोल चमक’ देतं आणि दुसरं देत नाही, हे मान्य करायला डोळे तयार असतात, पण कारण सापडत नाही. चमक येते ती खालचा पृष्ठभाग सपाट असला तर. धूळ नीट धुतलेली, क्लेने, म्हणजे मातीसारख्या मऊ गोळ्याने, रुतलेले कण काढलेले, पॉलिशने स्वर्ल, म्हणजे बारीक गोल ओरखडे, घालवलेले, की मग साडेतीनशेचं मेणही आरशासारखं दिसतं. हे न करता वर नऊ हजारांचं मेण चोळलं तर गाडीभर धुळीचे ओरखडेच चमकतात. मी ते बघितलं आहे: सोसायटीच्या पार्किंगमध्ये कोरड्या फडक्याने गाडी पुसणारा वॉचमन, आणि संध्याकाळच्या उन्हात त्या बॉनेटवर कोळ्याच्या जाळ्यासारखी गोल गोल वर्तुळं.

टिकण्याचंही तसंच. मे महिन्यात जळगावला किंवा नागपूरला उन्हात उभ्या काळ्या गाडीच्या पत्र्यावर हात ठेवून बघा, क्षणभरही टेकवत नाही. शुद्ध कार्नाउबा तेवढ्याने वितळणार नाही, पण डबीत तेलं आणि मऊ मेणं मिसळलेली असतात आणि ती आधीच मऊ पडतात. त्यात भांडी घासायच्या साबणाने गाडी धुतली तर मेण आणखी लवकर निघून जातं. आपल्या हवेत काही आठवडे, सावलीत ठेवणाऱ्याला दोन-तीन महिने, एवढंच आयुष्य. ज्याला वर्षानुवर्षं टिकाऊपणा हवा त्याने सिरॅमिक कोटिंगकडे जावं. ते रासायनिक बंधाने क्लिअर कोटला धरून बसतं. मेण नुसतं चिकटून राहतं. त्या तुलनेत कुठलंही मेण हरतं, महागडंही.

मग नऊ हजारांच्या बरणीत काही नाहीच का? आहे. ती लावायला सुख होतं. हाताखाली लोण्यासारखी सरकते, वाळल्यावर एका हाताने पुसली जाते, काळ्या रबरावर पांढरे डाग ठेवत नाही. स्वस्त डबीला पुसताना खांदा भरून येतो. सुवास, काच, मखमल आणि थोडक्या मालाचं हाताने केलेलं उत्पादन, हे सगळं त्या किमतीत आहे. ज्याच्याकडे वडिलांच्या फियाटसारखी एकाच थराच्या रंगाची जुनी गाडी आहे आणि रविवारची सकाळ तिच्यासोबत घालवणं हाच ज्याचा आनंद आहे, त्याने तेलयुक्त चांगलं मेण जरूर घ्यावं. पण त्यालाही दोन-अडीच हजारांच्या वर जायची गरज मला दिसत नाही. त्यापुढचा पैसा क्ले, चांगले मायक्रोफायबर आणि दोन बादल्यांवर घालवावा, एक साबणाची, एक फडकं विसळायची. आणि उरलाच तर मन लावून काम करणाऱ्या डिटेलरच्या हातांवर.

मला खरा त्रास होतो तो वेगळ्या गोष्टीचा. २०१७ मध्ये जर्मनीच्या एआरडी वाहिनीने कार्नाउबाच्या तोडणीवर कार्यक्रम दाखवला. हेच मेण गोळ्या-मिठाईवर चकाकी आणायलाही वापरतात, ई ९०३ या क्रमांकाने, आणि माग तिथूनच काढला होता. तोडणीच्या ठिकाणी मजूर उघड्यावर किंवा गाडीत झोपत होते, नदीचं न गाळलेलं पाणी पीत होते, संडास नव्हते, काही जण तर अल्पवयीन होते. दिवसाची मजुरी सुमारे ४० रियाल, म्हणजे बारा डॉलर. ब्राझीलच्या कामगार निरीक्षकांनी सेआरा-पियाउईत धाडी घालून गुलामीसारख्या अवस्थेतल्या मजुरांची अनेकदा सुटका केली आहे. ऊसतोडीच्या फडावरचं पाल ज्याने बघितलं आहे त्याला हे चित्र वेगळं समजावून सांगायला नको. बारा डॉलर म्हणजे तेव्हाचे आपले जेमतेम आठशे रुपये. त्या बरणीच्या किमतीत बांबू धरून मान वर केलेला माणूस अकरा दिवस राबला असता.

बरणीवर तोडणाऱ्यांना काय मिळालं हे लिहिलेलं असतं आणि ते तपासता आलं असतं, तर मी साडेतीनशेच्या जागी हजार रुपये खुशीने दिले असते. माझ्या समोरच्या दोन्ही डब्यांवर त्याबद्दल एक ओळ नव्हती. महागड्या बरणीवर होतं ते नारळाच्या वासाचं वर्णन.

त्या दिवशी आम्ही माझ्या गडद निळ्या गाडीच्या बॉनेटवर मधोमध कागदी टेप लावला. गाडी धुतली, क्ले फिरवला, दोन्ही बाजूंना सारखंच पॉलिश केलं. डावीकडे स्वस्त, उजवीकडे महाग. टेप ओढून काढला तेव्हा डिटेलिंगवाला आणि मी बराच वेळ टॉर्चच्या उजेडात वाकून बघत होतो. पहिला पाऊस आला त्या संध्याकाळी मी छत्री घेऊन खाली गेलो. दोन्हीकडे पाण्याचे टपोरे थेंब धरले होते, गाडी जरा हलवली की मोत्यांसारखे घरंगळत होते. श्रावण सरताना थेंब पसरट झाले, आधी चाकांवरच्या बाजूने, मग वर, आणि दोन्हीकडे साधारण एकाच आठवड्यात. एका बॉनेटवरून सिद्धांत मांडता येत नाही, हे मला ठाऊक आहे. पण गणपतीला गावी निघण्याआधी गाडी धुतली, उन्हात उभी केली आणि टेपची रेघ कुठे होती ते शोधलं. मुलीला बोलावलं, तीही वाकून बघून गेली. रेघ सापडली नाही.