तहानलेली शहरं (७) : बार्शी लाइटचा मार्ग आणि लातूरचं पाणी

उजनीच्या जलवाहिनीचा हिशेब या आठवड्यात मांडणार होतो, पण तो पुढे ढकलतो. बार्शीच्या एका वाचकाने विचारलंय, ‘२०१६ मध्ये लातूरला पाणी नेणारी रेल्वे आमच्या जुन्या बार्शी लाइटच्याच मार्गाने गेली ना?’ हा प्रश्न हाती आल्यावर दुसरं काही लिहवेना.

हो, त्याच मार्गाने. मिरज, पंढरपूर, कुर्डुवाडी, बार्शी, उस्मानाबाद, लातूर. एव्हरर्ड कालथ्रॉप या इंग्रज अभियंत्याने १८९७ मध्ये बार्शी ते बार्शी रोड, म्हणजे आजचं कुर्डुवाडी, अशी अडीच फुटी रुळांवरची गाडी, म्हणजेच बार्शी लाइट, सुरू केली. पुढे ती एका अंगाने लातूरला आणि दुसऱ्या अंगाने पंढरपूरवरून मिरजेला पोचली. रुंदीकरण मात्र तुकड्यातुकड्यांनी झालं. कुर्डुवाडी-लातूर भाग २००८ पर्यंत झाला, पंढरपूर-मिरज त्यानंतर दोन-तीन वर्षांनी. म्हणजे २०१६च्या दुष्काळात लातूरला पाणी पुरवणारं मांजरा धरण कोरडं पडलं, तेव्हा मिरज-लातूर सलग ब्रॉडगेज होऊन जेमतेम पाच वर्षं झाली होती. हाच दुष्काळ दहा वर्षं आधी पडता, तर भरलेल्या वाघिणी या मार्गाने मिरजेतून हलल्याच नसत्या. रुंदीकरण करताना पाण्याचा विचार कुणाच्या मनात नव्हता, तरी लातूरच्या कामी आलं ते तेच.

पण रूळ असून भागत नाही. वाघिणी मुळात तेलाच्या. त्या राजस्थानात कोट्याच्या कारखान्यात वाफेने आतून स्वच्छ कराव्या लागल्या. एकेका वाघिणीत साधारण पन्नास हजार लिटर पाणी. मिरजेला कृष्णेचं पाणी होतं, पण इतक्या वाघिणी झपाट्याने भरण्याची सोय नव्हती. म्हणून ११ एप्रिलला निघालेल्या पहिल्या गाडीने फक्त दहा वाघिणी, म्हणजे पाच लाख लिटर पाणी नेलं. जादा नळ टाकल्यावर पन्नास वाघिणींची गाडी धावू लागली. इकडे लातूरला पाणी उतरवायला स्थानकाजवळची एक मोठी विहीर ताब्यात घेतली होती. ती नसती, तर गाडी येऊन नुसती उभी राहिली असती.

आता हिशेब. पन्नास वाघिणी म्हणजे पंचवीस लाख लिटर. २०११च्या जनगणनेनुसार लातूरची लोकसंख्या ३ लाख ८२ हजार ९४०. माणशी साडेसहा लिटर. पिणं आणि स्वयंपाक कसाबसा भागेल. आंघोळ, धुणं, भांडी यांचं नावच नको. शहरी माणसाला दिवसाला १३५ लिटर हा सरकारी निकष धरला, तर रोज अशा जवळपास एकवीस गाड्या लागतील. ‘लातूरला रेल्वेने वाचवलं’ असं मी म्हणणार नाही. टँकर आणि बोअर यांनी उरलेला भार उचलला, आणि पुढच्या पावसाळ्यात मांजरा भरलं.

तरीही ही साडेसहा लिटर फार मोलाची होती, कारण ती दुसऱ्या खोऱ्यातून आली. आपल्या खोऱ्यातली धरणं आणि विहिरी एकाच वर्षी एकत्र आटतात. म्हणून माझं मत स्पष्ट आहे: मिरजेची भरण्याची सोय आणि लातूरची ती विहीर कायम सज्ज राहिली पाहिजे. लातूरच्या वाचकांनी त्या विहिरीची आजची अवस्था पाहून कळवावी. उजनी पुढच्या आठवड्यात.