फोटो तुम्ही काढला, पण मालक कोण? फोटोग्राफीचा धंदा करणाऱ्यांनी आधी हे वाचा



गेल्या बॅचमधला एक मुलगा सेशन संपल्यावर मागे थांबला. फूड फोटोग्राफी करतो, हात चांगला आहे त्याचा. एका मिसळवाल्यांच्या मेनूसाठी त्याने 4,000 रुपयांत 12 फोटो काढून दिले होते. सहा महिन्यांनी त्या हॉटेलची दुसरी शाखा निघाली आणि हायवेला भलंमोठं होर्डिंग लागलं. त्यावर याच्याच फोटोतली लालभडक तर्री! ना विचारलं, ना नाव टाकलं, ना एक रुपया जास्त दिला.

"सर, फोटो मी काढलाय म्हणजे कॉपीराइट माझा. नोटीस पाठवू का?"

मी दोनच प्रश्न विचारले. पैसे घेतले होते? हो. काही लिहून घेतलं होतं? नाही, फोनवरच रेट ठरला.

"मग बाबा, कायद्याने त्या फोटोंचा मालक तो हॉटेलवाला आहे."

पोराचा चेहराच पडला. खरं सांगतो, दहा फोटोग्राफरना विचारा, बहुतेकांना हे माहीत नसतं.

कायदा नेमकं काय म्हणतो?

आपल्याकडे कॉपीराइट कायदा 1957 चा आहे. फोटो काढणारा हाच फोटोचा कर्ता आणि साधारणपणे पहिला मालकही तोच. पण कलम 17 मध्ये अपवाद आहेत आणि आपला रोजचा धंदा नेमका त्या अपवादातच बसतो. बघा:

1. पहाटे उठून तुम्ही स्वतःच्या हौसेने रंकाळ्याचा फोटो काढला. कॉपीराइट तुमचा.
2. कोणाच्या सांगण्यावरून, मोबदला घेऊन फोटो काढला. लग्न, प्रॉडक्ट, मेनू, काहीही. वेगळं काही ठरलं नसेल तर पहिला मालक ग्राहक.
3. स्टुडिओत पगारावर आहात. तिथेही वेगळं ठरलं नसेल तर मालकी स्टुडिओची.

गंमत बघा. त्या मुलाने तेच फोटो दोस्तीखात्यात फुकट काढून दिले असते, तर कॉपीराइट त्याचा राहिला असता!

एक गोष्ट मात्र तुमच्याकडेच राहते. कॉपीराइट दुसऱ्याचा असला तरी 'हा फोटो मी काढला' असं सांगण्याचा हक्क कलम 57 ने कर्त्याला दिलाय.

'वेगळं काही ठरलं नसेल तर'

सगळा खेळ या चार-पाच शब्दांत आहे. म्हणजे वेगळं ठरवायची मुभा कायद्यानेच दिलीय. मग ठरवा की! शूटच्या आधी ठरवा आणि कागदावर ठरवा. कोटेशनच्या खाली पाच ओळी टाका आणि ग्राहकाची सही घ्या:

- मालकी: कॉपीराइट फोटोग्राफरकडे राहील, ग्राहकाला वापराची परवानगी.
- वापर कुठे: मेनू, सोशल मीडिया, पॅकिंग, होर्डिंग. प्रत्येकाचा रेट वेगळा.
- किती काळ आणि कुठे: हे लिहिलं नाही तर कायदा मुदत 5 वर्षं आणि जागा फक्त भारत धरतो.
- पोर्टफोलिओ: मी हे फोटो माझ्या पेजवर टाकू शकतो.
- पेमेंट: पूर्ण पैसे मिळाल्यावरच परवानगी लागू.

लग्नाच्या ऑर्डरमध्ये थोडं तारतम्य ठेवा. तो त्यांच्या घरचा खासगी कार्यक्रम आहे. तिथे मालकीसाठी हट्ट धरण्यापेक्षा पोर्टफोलिओची लेखी परवानगी घ्या, तीही नवरा-नवरी दोघांची.

तुमची कला कोटेशनमध्ये दिसू द्या

ग्राहक म्हणतो, "एक क्लिक तर करायचंय." कारण त्याला फक्त क्लिक दिसतं. त्या मुलाने मिसळ कशी शूट केली ते ऐका. फरसाण पाच मिनिटांत मऊ पडतं, वाफ त्याआधीच जाते. म्हणून त्याने रिकामी डिश ठेवून फ्रेम आणि फोकस आधी लावून घेतला. एका बाजूने खिडकीचा उजेड, दुसऱ्या बाजूला सावली उजळायला थर्माकोलची शीट. कट अगदी शेवटी ओतला आणि मिनिटभरात शॉट घेतला. हे ग्राहकाला समजावून सांगा. लाइट, सेटअप, एडिटिंग असे वेगळे मुद्दे कोटेशनमध्ये लिहा. रेटवरची घासाघीस नक्की कमी होईल.

पुरावा सांभाळा

रॉ फाइल्स डिलीट करू नका आणि कोणालाही देऊ नका. फोटो तुम्हीच काढला याचा तो भक्कम पुरावा आहे. बऱ्याच कॅमेऱ्यांच्या मेनूमध्ये कॉपीराइटसाठी नाव टाकायची सोय असते, आजच टाका. व्हॉट्सॲपवर साधा फोटो पाठवला की ही माहिती उडते, म्हणून ओरिजिनल जपून ठेवा. कॉपीराइट मिळायला नोंदणी सक्तीची नाही, पण खास कामाची नोंदणी केलेली बरी. तुमच्या मालकीच्या फोटोचा कॉपीराइट तुमच्या हयातीत आणि त्यानंतर 60 वर्षं टिकतो. म्हणजे ही मुलांसाठी ठेवायची इस्टेट आहे!

आता आपली बाजू

माझ्याकडूनही चूक झालीय. दुकानाच्या पहिल्या दिवाळीला पत्रकावर मी गूगलवरून उचललेला पणत्यांचा फोटो छापला. आठवड्यात एका फोटोग्राफरचा फोन. "दादा, फोटो माझा आहे." आवाज चढवला नाही त्याने, पण मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पैसे दिले, माफी मागितली. तेव्हा आपल्या रीलवर सिनेमाचं गाणं विनापरवाना लावून दुसऱ्याला चोर म्हणू नका.

आणि त्या मुलाचं काय झालं? नोटीस पाठवली नाही. पुढच्या शूटला त्याच हॉटेलवाल्याकडे एक पानी कोटेशन घेऊन गेला. मालक कुरकुरला, "फोटोला कसला करार?" तरी सही केली. होर्डिंगचे पैसे या वेळी वेगळे मिळाले.

मी वकील नाही. मोठी ऑर्डर असेल तर मसुदा वकिलाला दाखवून घ्या. पण पुढच्या शूटआधी त्या पाच ओळी तुमच्या कोटेशनमध्ये गेल्याच पाहिजेत. हाच आजचा होमवर्क!