अंटार्क्टिक द्वीपकल्पाचे नामकरण

स्थलनामाचा अभ्यास करणाऱ्यास सामान्यतः लोकांच्या तोंडी असलेले नाव आधी गाठावे लागते. व्युत्पत्ती नंतर येते. उत्तर ध्रुवाकडील प्रदेशातही हे बऱ्याच अंशी खरे आहे. कॅनडातील फ्रॉबिशर बे या गावाने १९८७ मध्ये इकॅलुइट हे इन्युइट भाषेतील नाव अधिकृतपणे स्वीकारले, ते अशा प्रचलित नावाच्याच आधारे. अंटार्क्टिका खंडास मूळ रहिवासी नाहीत. तेथे लोकांच्या तोंडचे नाव नाही, आणि नाव मान्य करणारे सर्वमान्य शासनही नाही. अशा भूमीवर नाव रुजते कसे, हे तेथील द्वीपकल्पाच्या उदाहरणावरून चांगले समजते.

स्थलनामाचे बहुधा दोन भाग असतात : विशेषनाम आणि सामान्यनाम. डिसेंबर १९२८ मध्ये ह्यूबर्ट विल्किन्स यांनी या प्रदेशावरून विमानातून उड्डाण केले. हिमाने भरलेल्या खोल दऱ्या त्यांना वरून समुद्राच्या खाड्यांप्रमाणे दिसल्या, आणि हा भूप्रदेश म्हणजे एक द्वीपसमूह आहे असा त्यांचा समज झाला. त्यांनी ‘केसी चॅनल’, ‘क्रेन चॅनल’ अशी नावे दिली. पुढे जॉन रायमिल यांच्या नेतृत्वाखालील १९३४–३७ च्या ब्रिटिश मोहिमेने प्रत्यक्ष पाहणी करून हा सलग द्वीपकल्प असल्याचे दाखविले. खाड्या नाहीशा झाल्या. केसी व क्रेन मात्र हिमनद्यांच्या नावांत राहिले. त्याचप्रमाणे ‘हर्स्ट लँड’ हे आज हर्स्ट बेट आहे. सामान्यनामातील चूक मोजणीने सुधारता येते, हा यातील बोध सरळ आहे.

विशेषनामाचे तसे नाही. या द्वीपकल्पाच्या उत्तर भागास जॉन बिस्को यांच्या १८३२ च्या सफरीपासून ब्रिटिश नौदलमंत्री सर जेम्स ग्रॅहम यांचे नाव मिळाले. अमेरिकन नकाशांवर १८२० मध्ये तेथील किनारा पाहणारे नॅथॅनिएल पामर यांचे नाव होते. चिली तीस ओ’हिगिन्स यांची, तर अर्जेंटिना सान मार्तिन यांची भूमी म्हणत असे. ब्रिटन, चिली व अर्जेंटिना यांचे प्रादेशिक दावे येथे एकमेकांवर चढलेले असल्यामुळे प्रत्येक नाव हा दाव्याचा पुरावा मानला जाई. नाव ठेवणे आणि नावे ठेवणे या क्रिया येथे फार दूरच्या राहिल्या नाहीत. कोणत्याही मोजणीने हा वाद मिटणे शक्य नव्हते.

१९५९ च्या अंटार्क्टिक करारातील चौथ्या कलमाने दावे मान्यही केले नाहीत आणि नाकारलेही नाहीत. त्यांची स्थिती तशीच राखली. त्यानंतर, १९६४ मध्ये, ब्रिटन व अमेरिका यांच्या नामसमित्यांनी तडजोड केली. संपूर्ण भूभागास ‘अंटार्क्टिक द्वीपकल्प’ हे तटस्थ नाव मिळाले. केप जेरेमी व केप अ‍ॅगॅसी यांना जोडणाऱ्या, सुमारे ६९ अंश दक्षिण अक्षांशाजवळील रेषेच्या उत्तरेस ग्रॅहम लँड व दक्षिणेस पामर लँड अशी वाटणी झाली. गंमत अशी की, पामर यांनी १८२० मध्ये पाहिलेला किनारा उत्तर टोकाजवळचा. त्यांचे नाव मात्र दक्षिणेस गेले! चिली व अर्जेंटिना यांची नावे त्यांच्या नकाशांवर आजही आहेत.

नंतरच्या नियमांमुळे नामकरणास काहीशी शिस्त लागली. व्यापारी उत्पादने व घसरगाडीचे कुत्रे यांची नावे अमेरिकन समिती स्वीकारीत नाही. ब्रिटिश समितीने अलेक्झांडर बेटावर संगीतकारांची नावे दिली. बीथोव्हेन द्वीपकल्प त्यांपैकीच. १९९२ पासून आंतरराष्ट्रीय वैज्ञानिक समितीच्या आश्रयाने सर्व देशांची नावे एका संयुक्त सूचीत एकत्र केली जात आहेत. ही सूची नावे मंजूर करीत नाही, फक्त नोंदविते. त्यामुळे एकाच स्थळाची अनेक नावे तीत शेजारी शेजारी आढळतात.

आपल्या संशोधकांचाही याच्याशी संबंध येतो. भारताचे ‘मैत्री’ हे केंद्र ज्या टेकड्यांत आहे, त्यांस १९३८–३९ च्या जर्मन मोहिमेतील वैमानिक शिर्माखर यांचे नाव आहे. केंद्राजवळच्या सरोवरास आपण प्रियदर्शिनी म्हणतो. तेथील नमुन्यांवर लिहिताना आधी अक्षांश-रेखांश द्यावेत, मग नाव.