नॉर्थ कॅरोलिना राज्यातील काँग्रेसच्या निवडणुका : मतदारसंघांच्या सीमा आणि मताचे मोल

प्रास्ताविक

अमेरिकेच्या नॉर्थ कॅरोलिना या राज्यातून २०२२ साली प्रतिनिधिगृहावर डेमोक्रॅटिक पक्षाचे ७ आणि रिपब्लिकन पक्षाचे ७ सदस्य निवडून गेले. २०२४ साली त्याच राज्यातून रिपब्लिकन पक्षाचे १० आणि डेमोक्रॅटिक पक्षाचे अवघे ४ सदस्य निवडून आले. या दोन वर्षांत मतदारांचे मन एवढे पालटले होते काय? तसे दिसत नाही. २०२४ मध्ये एकाच दिवशी या राज्याने राष्ट्राध्यक्षपदासाठी रिपब्लिकन डोनाल्ड ट्रम्प यांना सुमारे तीन टक्क्यांचे मताधिक्य दिले आणि गव्हर्नरपदी डेमोक्रॅटिक जोश स्टाइन यांना सुमारे ५५ टक्के मतांनी निवडले. म्हणजे दोन्ही पक्ष जवळजवळ तुल्यबळ असलेले हे राज्य होते व तसेच राहिले. या काळात पालटला तो मतदारसंघांचा नकाशा. तो कोण आखतो, कसा आखतो आणि न्यायालये त्यात कोठवर हात घालतात, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

हा विषय वर्गात मांडताना दोन शब्दांमुळे घोटाळा होतो. पहिला शब्द 'काँग्रेस'. अमेरिकेत हे पक्षाचे नाव नसून तेथील संसदेचे नाव आहे. सिनेट आणि प्रतिनिधिगृह अशी तिची दोन सभागृहे आहेत. दुसरा शब्द 'डिस्ट्रिक्ट'. त्याचे भाषांतर सवयीने 'जिल्हा' असे केले जाते. येथे मात्र त्याचा अर्थ मतदारसंघ असा आहे. आपल्या जिल्ह्याशी जुळणारा तेथील घटक म्हणजे 'काउंटी'. नॉर्थ कॅरोलिनात अशा १०० काउंट्या आहेत.

सीमा कोण आखतो?

प्रतिनिधिगृहात ४३५ सदस्य असून त्यांची मुदत दोन वर्षांची असते. दर दहा वर्षांच्या जनगणनेनंतर प्रत्येक राज्याच्या वाट्याला किती जागा येतात हे ठरते. नॉर्थ कॅरोलिनाला १९९० च्या जनगणनेनंतर १२, २००० नंतर १३ आणि २०२० नंतर १४ जागा मिळाल्या. २०२० मध्ये राज्याची लोकसंख्या १,०४,३९,३८८ होती, त्यामुळे प्रत्येक मतदारसंघात सुमारे ७ लाख ४५ हजार माणसे येतात. मतदारसंघांची लोकसंख्या समान असावी हे बंधन सर्वोच्च न्यायालयाने १९६४ साली घातले व ते अत्यंत काटेकोरपणे पाळले जाते. परंतु माणसांची संख्या समान ठेवूनही सीमारेषा कोठून कशी वळवावी याची मोकळीक भरपूर उरते.

ही रेषा आखण्याचा अधिकार बहुतेक राज्यांत राज्याच्या विधिमंडळाकडेच आहे. ज्यांना पुढच्या निवडणुकीत आपल्या पक्षाचा विजय हवा असतो, तेच मतदारसंघ ठरवतात. भारतात हे काम परिसीमन आयोगाकडे असते, त्याचे अध्यक्षपद सर्वोच्च न्यायालयाच्या आजी किंवा माजी न्यायाधीशाकडे असते आणि आयोगाचा आदेश विधिमंडळाला बदलता येत नाही. नॉर्थ कॅरोलिनात उलट स्थिती आहे. तेथील गव्हर्नरला विधेयके नाकारण्याचा अधिकार मुळात १९९६ च्या घटनादुरुस्तीने मिळाला, आणि त्यातूनही मतदारसंघ पुनर्रचनेची विधेयके वगळलेली आहेत. त्यामुळे विधिमंडळात ज्याचे बहुमत, त्याच्या हाती नकाशा.

सोयीनुसार सीमा आखण्याच्या या प्रकाराला 'जेरीमँडरिंग' म्हणतात. १८१२ साली मॅसॅच्युसेट्सचे गव्हर्नर एल्ब्रिज जेरी यांनी मंजूर केलेल्या नकाशातील एक मतदारसंघ सॅलॅमँडर या सरड्यासारख्या प्राण्याच्या आकाराचा दिसत होता, त्यावरून हा शब्द आला. त्याच्या मुख्य रीती दोन : विरोधी मतदार थोड्या मतदारसंघांत कोंबणे आणि उरलेल्यांना अनेक मतदारसंघांत फोडून विखुरणे. समजा, १०० मतदारांचा एक असे पाच मतदारसंघ आहेत आणि दोन्ही पक्षांचे मतदार प्रत्येकी २५० आहेत. एका पक्षाचे ८५ मतदार एकाच मतदारसंघात कोंबले, तर त्याचे १६५ मतदार उरतात. ते बाकीच्या चार मतदारसंघांत वाटले की प्रत्येक ठिकाणी ४१-४२ मते पडतात आणि चारही जागा जातात. मते निम्मी, जागा एक. फळ्यावर हे उदाहरण मांडायला पाच मिनिटे पुरतात.

बारावा मतदारसंघ

नॉर्थ कॅरोलिनातील या कथेला वर्णभेदाच्या इतिहासाची बाजू आहे, आणि ती वगळली तर पुढचे न्यायालयीन निकाल कळत नाहीत. जॉर्ज हेन्री व्हाइट हे या राज्यातून निवडून गेलेले कृष्णवर्णीय प्रतिनिधी १९०१ मध्ये काँग्रेसमधून बाहेर पडले. १९०० सालीच राज्यघटनेत दुरुस्ती करून मतदानासाठी साक्षरतेची परीक्षा व डोईपट्टी लादण्यात आली होती. त्यानंतर नव्वदहून अधिक वर्षे या राज्यातून एकही कृष्णवर्णीय प्रतिनिधी काँग्रेसमध्ये गेला नाही. लोकसंख्येत कृष्णवर्णीयांचा वाटा मात्र सुमारे २२ टक्के होता.

१९६५ च्या मतदान हक्क कायद्याने, १९८२ च्या दुरुस्तीने आणि १९८६ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने (तो खटलाही याच राज्यातला) ही कोंडी फुटण्याचा मार्ग खुला झाला. १९९० च्या जनगणनेनंतर विधिमंडळाने एकच कृष्णवर्णीय-बहुल मतदारसंघ आखला. केंद्राच्या न्याय खात्याने हरकत घेतल्यावर दुसरा आखावा लागला. तोच प्रसिद्ध बारावा मतदारसंघ. सुमारे १६० मैल लांबीचा हा पट्टा डरहॅमपासून शार्लटच्या पलीकडे महामार्गाच्या कडेकडेने सापासारखा पसरला होता आणि काही ठिकाणी तो महामार्गाहून फारसा रुंद नव्हता. मोटारीची दोन्ही दारे उघडी ठेवून हाकली तर मतदारसंघातील बहुतेक माणसे चिरडली जातील, अशी थट्टा एका आमदाराने केली होती.

हा आकार केवळ कृष्णवर्णीयांच्या हितासाठी निवडला गेला असे समजणे भाबडेपणाचे ठरेल. त्या वेळी विधिमंडळ डेमोक्रॅटिक पक्षाकडे होते. अधिक सुटसुटीत मतदारसंघ अन्यत्र आखता आला असता. पण त्यामुळे त्याच पक्षाच्या श्वेतवर्णीय खासदारांच्या जागा धोक्यात आल्या असत्या. तथापि परिणाम ऐतिहासिक झाला. १९९२ मध्ये पहिल्या मतदारसंघातून ईव्हा क्लेटन आणि बाराव्यातून मेल वॉट निवडून आले.

पुढच्याच वर्षी, १९९३ मध्ये, सर्वोच्च न्यायालयाने 'शॉ विरुद्ध रेनो' खटल्यात ५ विरुद्ध ४ मतांनी असे ठरवले की, वंशाखेरीज अन्य कारणाने समजावून सांगता येणार नाही अशा आकाराच्या मतदारसंघाला घटनेच्या समानतेच्या तत्त्वाखाली आव्हान देता येते. न्यायमूर्ती सँड्रा डे ओ'कॉनर यांना त्यात राजकीय वर्णविद्वेषाची छाया दिसली. बारावा मतदारसंघ त्यानंतर २००१ पर्यंत न्यायालयाच्या दारात येतच राहिला.

दहा विरुद्ध तीन

२०१० च्या निवडणुकीत राज्य विधिमंडळाची दोन्ही सभागृहे रिपब्लिकन पक्षाने जिंकली. शतकाहून अधिक काळानंतर हे घडले, आणि तेही जनगणनेच्या वर्षी. २०११ च्या नव्या नकाशात बाराव्या मतदारसंघातील मतदानयोग्य कृष्णवर्णीयांचे प्रमाण ४३.८ वरून ५०.७ टक्क्यांवर नेले, तर पहिल्यातील ४८.६ वरून ५२.७ टक्क्यांवर. वस्तुतः दोन्ही ठिकाणी कृष्णवर्णीयांच्या पसंतीचे उमेदवार आधीही सहज निवडून येत होते. ज्या मतदारसंघाने एके काळी प्रतिनिधित्वाचे दार उघडले, तोच आता मते कोंबण्याचे कोठार झाला. २०१२ मध्ये डेमोक्रॅटिक उमेदवारांना राज्यभर मिळून निम्म्याहून किंचित अधिक मते पडली. जागा मिळाल्या १३ पैकी ४. दोन वर्षांपूर्वी त्या ७ होत्या.

वंशाचा अवाजवी वापर झाल्याच्या कारणावरून केंद्रीय न्यायालयाने फेब्रुवारी २०१६ मध्ये हे दोन मतदारसंघ रद्द केले. सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये तो निर्णय कायम केला. मधल्या काळात विधिमंडळाने नवा नकाशा केला. समितीचे प्रमुख डेव्हिड लुइस यांनी बैठकीत उघडपणे सांगितले की, नकाशा रिपब्लिकन पक्षाला १० आणि डेमोक्रॅटिक पक्षाला ३ जागा मिळतील असा आखावा, कारण ११ विरुद्ध २ असा आखणे शक्य होईल असे आपल्याला वाटत नाही. हे धाडसाचे बोलणे नव्हते, वकिली हिशोबाचे होते : वंशाच्या आधारे सीमा आखणे बेकायदा, पक्षाच्या आधारे आखणे मात्र बेकायदा ठरलेले नव्हते. २०१६ चा निकाल ठरल्याप्रमाणे १० विरुद्ध ३ असा लागला.

या नकाशाची एक रेषा महाविद्यालयीन शिक्षकांनी विशेष लक्षात घ्यावी अशी आहे. ग्रीन्सबरो येथील नॉर्थ कॅरोलिना ए अँड टी हे कृष्णवर्णीयांसाठी स्थापन झालेले विद्यापीठ आहे. १ फेब्रुवारी १९६० रोजी वूलवर्थच्या दुकानातील श्वेतवर्णीयांसाठी राखीव असलेल्या खानावळीत बसून सत्याग्रह करणारे चार तरुण याच संस्थेचे विद्यार्थी होते. २०१६ च्या नकाशात सीमारेषा या विद्यापीठाच्या आवारातून गेली आणि एकाच आवारातील वसतिगृहे सहाव्या व तेराव्या अशा दोन मतदारसंघांत विभागली गेली. दोन्हीकडे विद्यार्थ्यांची मते ग्रामीण रिपब्लिकन बहुमतात विरून गेली.

ड्यूक विद्यापीठातील गणितज्ञ जोनाथन मॅटिंगली यांनी समान लोकसंख्या, सलगता इत्यादी नियम पाळून संगणकावर २४ हजारांहून अधिक नकाशे तयार केले व त्यांवर २०१६ ची प्रत्यक्ष मते मोजून पाहिली. १० विरुद्ध ३ असा निकाल एक टक्क्याहूनही कमी नकाशांत आला. डेमोक्रॅटिक मतदार शहरांत एकवटलेले असतात, म्हणून जागा आपोआपच कमी येतात, असा युक्तिवाद केला जातो. त्यात तथ्य आहे. पण संगणकाने केलेल्या नकाशांतही तेच भूगोल होते, आणि तरीही हा आकडा क्वचितच आला.

नवव्या मतदारसंघातील ९०५ मते

याच नकाशावर झालेल्या २०१८ च्या निवडणुकीत नवव्या मतदारसंघात रिपब्लिकन मार्क हॅरिस हे डेमोक्रॅटिक डॅन मॅक्रेडी यांच्यापेक्षा ९०५ मतांनी पुढे होते. परंतु ब्लेडन आणि रॉबसन या काउंट्यांत टपाली मतपत्रिकांचा गैरव्यवहार उघडकीस आला. मतदारांच्या घरी जाऊन मतपत्रिका गोळा करण्यासाठी पैसे देऊन माणसे नेमली होती, आणि राज्याच्या कायद्याने ते निषिद्ध होते. फेब्रुवारी २०१९ च्या सुनावणीत हॅरिस यांच्या वकील मुलानेच आपण वडिलांना आधी सावध केले होते अशी साक्ष दिली. शेवटी हॅरिस यांनीही फेरनिवडणुकीची मागणी केली आणि राज्य निवडणूक मंडळाने एकमताने ती मान्य केली. सप्टेंबर २०१९ च्या फेरनिवडणुकीत रिपब्लिकन डॅन बिशप थोड्या मताधिक्याने निवडून आले. (हॅरिस पुढे २०२४ मध्ये आठव्या मतदारसंघातून काँग्रेसमध्ये पोहोचले.) एका जागेवरील ९०५ मतांचा संशय दूर करण्यासाठी सारी निवडणूक रद्द झाली. दोन-तीन जागा पालटणाऱ्या नकाशाला मात्र त्याच वर्षी सर्वोच्च न्यायालयाने हात लावला नाही.

न्यायालयांचे दोन दरवाजे

२७ जून २०१९ रोजी 'रुचो विरुद्ध कॉमन कॉज' या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ५ विरुद्ध ४ मतांनी निर्णय दिला की, पक्षीय हेतूने आखलेल्या सीमांचा प्रश्न केंद्रीय न्यायालयांनी सोडवण्याजोगा नाही. सरन्यायाधीश जॉन रॉबर्ट्स यांनी अशा सीमा लोकशाही तत्त्वांशी विसंगत असल्याचे मान्य केले, पण न्याय्य वाटा किती हे मोजण्याचा कायदेशीर निकष नाही असे म्हटले. न्यायमूर्ती एलेना केगन यांनी तीव्र असहमती नोंदवली. या खटल्याबरोबरच डेमोक्रॅटिक पक्षाने मेरीलँडमध्ये आखलेल्या नकाशाचाही निकाल लागला. दोष एकाच पक्षाचा नाही हे त्यावरून ध्यानात यावे.

केंद्रीय दरवाजा बंद झाल्यावर लोक राज्याच्या न्यायालयांत गेले. तेथील आदेशामुळे २०२० साठी नवा नकाशा आला आणि निकाल ८ विरुद्ध ५ लागला. २०२१ मध्ये विधिमंडळाने पुन्हा आखलेला नकाशा राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२२ मध्ये ४ विरुद्ध ३ मतांनी रद्द केला. त्यामुळे न्यायालयाने नेमलेल्या तज्ज्ञांचा नकाशा वापरला गेला व ७ विरुद्ध ७ हा निकाल आला. त्या वर्षी रिपब्लिकन उमेदवारांची एकूण मते काहीशी अधिक होती. तेव्हा ७-७ हाच एकमेव न्याय्य आकडा, असेही कोणी म्हणू नये.

भारतीय वाचकाला नवल वाटेल अशी गोष्ट म्हणजे या राज्यात सर्वोच्च न्यायालयाचे न्यायाधीशही पक्षाच्या नावावर मतदानाने निवडले जातात. नोव्हेंबर २०२२ मध्ये दोन जागा फिरल्या आणि न्यायालयात रिपब्लिकन बहुमत ५ विरुद्ध २ झाले. नव्या न्यायालयाने खटल्याची फेरसुनावणी घेऊन एप्रिल २०२३ मध्ये आधीचा निर्णय उलटवला. राज्यघटनेचा एकही शब्द मध्यंतरी बदललेला नव्हता. ऑक्टोबर २०२३ मध्ये विधिमंडळाने नवा नकाशा केला. डेमोक्रॅटिक पक्षाचे तीन विद्यमान सदस्य, जेफ जॅक्सन, कॅथी मॅनिंग आणि वायली निकेल, पुन्हा उभेच राहिले नाहीत. मॅनिंग यांच्या सहाव्या मतदारसंघात तर २०२४ मध्ये डेमोक्रॅटिक उमेदवारच नव्हता.

पहिला मतदारसंघ

त्या वर्षी खरी चुरस झाली ती ईशान्येकडील पहिल्या मतदारसंघात. या शेतीप्रधान भागात कृष्णवर्णीय वस्ती मोठी आहे. १९९२ पासून ईव्हा क्लेटन, फ्रँक बॅलन्स, जी. के. बटरफील्ड आणि डॉन डेव्हिस हे चार कृष्णवर्णीय प्रतिनिधी येथून ओळीने निवडून आले. डेव्हिस यांनी २०२४ मध्ये ही जागा दोन टक्क्यांहून कमी फरकाने राखली. ऑक्टोबर २०२५ मध्ये, कोणतीही नवी जनगणना नसताना, विधिमंडळाने पहिल्या व तिसऱ्या मतदारसंघांच्या सीमा पुन्हा आखल्या. पहिल्यात समुद्रकिनाऱ्यालगतच्या रिपब्लिकन कलाच्या काउंट्या घातल्या आणि उद्दिष्ट ११ विरुद्ध ३ असल्याचे लपवले नाही. लुइस यांना २०१६ मध्ये अशक्य वाटलेल्या अकराव्या जागेचा आकडा, एक जागा वाढलेल्या राज्यात, अशा रीतीने कागदावर आला. गव्हर्नर स्टाइन यांना तो नाकारण्याचा अधिकार नव्हता. केंद्रीय न्यायालयाच्या तीन न्यायाधीशांच्या पीठाने नोव्हेंबर २०२५ मध्ये स्थगिती देण्यास नकार दिला आणि २०२६ ची निवडणूक याच सीमांवर घेण्याचा मार्ग मोकळा झाला. २०१२ पासून मोजल्यास आठ निवडणुकांसाठी हा सहावा नकाशा होय.