पिसाचा मनोरा का पडला नाही?

गुरुत्वमध्याचा धडा शिकवताना फळ्यावर हमखास येणारे चित्र म्हणजे इटलीतील पिसा शहराचा झुकता मनोरा. गुरुत्वमध्यातून काढलेली उभी रेषा पायाच्या आत पडते, म्हणून मनोरा पडत नाही, असे आपण सांगतो आणि पुढे जातो. पण समजा, एखाद्या मुलीने विचारले, "असे असेल, तर १९९० साली तो पडेल या भीतीने लोकांसाठी बंद का केला?" तर आपण काय उत्तर देणार?

आधी आकडे पाहू. मनोऱ्याची उंची सुमारे ५८ मीटर, वजन साडेचौदा हजार टन. पाया गोल असून त्याचा व्यास साधारण साडेएकोणीस मीटर आहे. १९९० साली मनोरा दक्षिणेकडे साडेपाच अंशांनी कललेला होता. तरीही गुरुत्वमध्यातून जाणारी उभी रेषा पायाच्या मध्यापासून दोन मीटरांहून थोडीच अधिक सरकली होती. पायाची कड तेथून आणखी सात मीटरांहून अधिक दूर. म्हणजे पुस्तकातील नियमाप्रमाणे मनोरा अगदी सुरक्षित होता!

मग चुकते कोठे? नियम बरोबरच आहे, पण त्यात एक गोष्ट गृहीत धरलेली असते : पायाखालची जमीन टणक आहे. पिसा हे आर्नो नदीकाठचे, समुद्राजवळचे शहर. मनोऱ्याखाली वर गाळमिश्रित माती आणि त्याखाली मऊ चिकणमातीचा जाड थर आहे. दर चौरस मीटरवर सुमारे ५० टन भार आल्याने मनोरा या जमिनीत जवळजवळ तीन मीटर खचला आहे.

वर्गात एक प्रयोग करून पाहा. टेबलावर लाकडी ठोकळे एकावर एक रचा. मग तेवढेच ठोकळे मऊ स्पंजवर रचा. स्पंजवर काही उंचीनंतर कितीही काळजी घेतली तरी ठोकळे उभे राहत नाहीत. मनोरा जरासा कलला की त्या बाजूवरचा भार वाढतो. भार वाढला की ती बाजू अधिक दबते. ती दबली की मनोरा आणखी कलतो. गुरुत्वमध्याची रेषा पायाबाहेर जाण्याच्या कितीतरी आधी हे चक्र सुरू होते. शिवाय कलत्या बाजूच्या दगडी भिंतीवरचा ताणही वाढत जातो आणि ती चिरडण्याचा धोका असतो.

आता उलटा प्रश्न पडतो : मग हा मनोरा आठशे वर्षे उभा कसा राहिला? उत्तर त्याच्या इतिहासात आहे. बांधकाम ११७३ साली सुरू झाले आणि पाचेक वर्षांतच थांबले. ते पुन्हा सुरू झाले १२७२ साली. सहा वर्षांनी पुन्हा थांबले आणि वरचा घंटाघराचा मजला चौदाव्या शतकाच्या उत्तरार्धात पुरा झाला. ओल्या चिकणमातीवर भार आला की तिच्या कणांमधील पाणी हळूहळू पिळून निघते आणि माती घट्ट होते. या कामाला वर्षानुवर्षे लागतात. दोन्ही खंडांत मातीला ती सवड मिळाली. सलग बांधला असता, तर मनोरा तेव्हाच कोसळला असता, असे तज्ज्ञांचे मत आहे.

कारागिरांना कल दिसत होता. वरचे मजले सरळ करण्याचा त्यांनी प्रयत्न केला, म्हणून मनोरा किंचित केळ्यासारखा वाकडा आहे. घंटाघराच्या मजल्यावर चढायला उत्तरेकडे चार, तर दक्षिणेकडे सहा पायऱ्या आहेत.

पुढच्या काळातील उपाय मात्र अंगाशी आले. १८३८ साली जमिनीत गेलेला तळ दिसावा म्हणून भोवती चर खणला, तेव्हा कल वाढला. १९३४ च्या सुमारास पायात साडेतीनशेहून अधिक छिद्रे पाडून सिमेंट भरले, तेव्हाही मनोरा आणखी कलला. मार्च १९८९ मध्ये पाविया शहरातील जुना मनोरा अचानक कोसळून चार माणसे दगावली. त्यानंतर जानेवारी १९९० मध्ये पिसाचा मनोरा बंद करण्यात आला.

तज्ज्ञांच्या समितीने १९९३ साली उत्तर बाजूवर ६०० टन शिसे ठेवले. कल किंचित कमी झाला. पण १९९५ साली शिशाऐवजी जमिनीखाली लोखंडी दोर बसवण्यासाठी माती गोठवून खोदकाम सुरू केले, तर एरवी वर्षभरात जेवढा कलायचा जवळपास तेवढा मनोरा एका रात्रीत कलला. काम थांबवावे लागले आणि शिसे ९०० टनांपर्यंत वाढवावे लागले.

अखेर जो उपाय लागू पडला, तो फेर्नांदो तेराचिना या अभियंत्याने १९६२ सालीच सुचवला होता : दक्षिण बाजू उचलू नका, उत्तर बाजू खाली बसू द्या. १९९९ पासून उत्तरेकडील जमिनीत तिरपी भोके पाडून थोडी थोडी माती काढली गेली. प्रत्येक वेळी मोजमाप घ्यायचे, मगच पुढची माती काढायची. एकूण माती निघाली सुमारे ३८ घनमीटर. कल अर्ध्या अंशाने कमी झाला आणि डिसेंबर २००१ मध्ये मनोरा पुन्हा उघडला.

मुलांना हाही प्रयोग देता येईल. ओल्या वाळूत भरलेली बरणी जराशी कलती ठेवा आणि उंच बाजूखालची वाळू पोकळ नळीने चिमूट चिमूट काढा.

पुढच्या वेळी फळ्यावर मनोरा काढताना त्याच्या खाली जमीनही काढू या. मनोरा का उभा आहे आणि का पडला असता, ही दोन्ही उत्तरे तिथेच आहेत.