दोन घरं, दोन इंटरनेट: शेजाऱ्यांनी नेटवर्क कसं वाटून घ्यावं?



२०२० मध्ये शाळा बंद असताना सोलापूरच्या नीलमनगरमधल्या आशा मराठी विद्यालयाच्या शिक्षकांनी वस्तीतल्या घरांच्या भिंतींवर धडे रंगवून घेतले. स्मार्टफोन नसलेल्या मुलांचाही अभ्यास सुरू राहिला. भिंत एका घराची, धडा सगळ्या गल्लीचा!

आज बऱ्याच घरांत वायफाय आहे, शेजारी वेगळ्या कंपनीचं आहे. मग एकाची लाइन बंद पडली की त्या घरातल्या मुलाचा अभ्यास का अडावा?

आधी एक फरक लक्षात घेऊ. मोबाइल, प्रिंटर, संगणक यांना जोडणारं जाळं म्हणजे घरचं नेटवर्क. इंटरनेट म्हणजे त्या घरातून बाहेर जाण्याचा रस्ता आणि राउटर हा त्याचा दरवाजा.

नुसती वायर जोडली तर?
गोंधळ होतो. आपण हजेरीपटावर क्रमांक देतो, तसा राउटर प्रत्येक उपकरणाला क्रमांक देतो. एकाच वर्गात दोन शिक्षकांनी एकमेकांना न विचारता क्रमांक दिले तर ७ नंबरची दोन मुलं होणारच! शिवाय अनेक राउटरचा स्वतःचा पत्ताही १९२.१६८.१.१ असा सारखाच असतो.

मग काय करावं?

१. गेस्ट वायफाय: सगळ्यात सोपा उपाय. दोन्ही घरांनी आपापल्या राउटरवर गेस्ट नेटवर्क सुरू करून पासवर्ड एकमेकांना द्यावा. एक लाइन गेली की मूल दुसऱ्या वायफायवर. तुमचा संगणक आणि त्यातल्या फायली सहसा वेगळ्याच राहतात.

२. दोन लाइनचा राउटर: यात दोन्ही कनेक्शन येतात, एक बंद पडलं की दुसरं आपोआप चालू. पण वेग दुप्पट होईल असं समजू नका. दोन एसटी सोडल्या तर प्रवासी दुप्पट जातात, एकटा प्रवासी लवकर पोहोचत नाही. तसंच इथं.

दोन्ही कनेक्शन एकाच केबलवाल्याची असतील तर मात्र दोन्ही एकदम बंद पडू शकतात. वीज गेली तर राउटरला इन्व्हर्टर हवाच.

हे विसरू नका

• कनेक्शन ज्याच्या नावावर, पहिली विचारणा त्यालाच होते. म्हणून पासवर्ड फक्त विश्वासातल्या घरालाच द्या आणि अधूनमधून बदला.
• कंपनीच्या अटी वाचा. पैसे घेऊन इंटरनेट वाटू नका.
• मुलांसाठी तुम्ही तुमच्या राउटरवर लावलेली बंधनं शेजारच्या वायफायवर चालत नाहीत. मुलांनी काय आणि किती वेळ बघायचं, हे दोन्ही घरांनी बसून आधी ठरवा. पासवर्डपेक्षा हे बोलणं महत्त्वाचं.

शिक्षकांनो, हजेरी क्रमांकाचा हा खेळ वर्गात घेऊन बघा. नेटवर्क म्हणजे काय, ते मुलंच तुम्हाला सांगतील!